सांगलीहून बंगळूरला: सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या नोकरीचा शोध कुठून सुरू करावा?

कृष्णाकाठ | १४ जून

नमस्कार मंडळी.

मी गेली साडेचार वर्षे सांगलीतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत डेव्हलपर म्हणून काम करतो आहे. आमची कंपनी साखर कारखान्यांसाठी संगणकप्रणाली तयार करते. उसाची नोंद, तोडणी-वाहतूक, वजनकाटा आणि शेतकऱ्यांची बिले असा तिचा आवाका आहे. जावा, स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेस ही माझी रोजची साधने. माझ्या पत्नीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला असून ती ऑगस्टमध्ये तिकडे जाईल. पुढची पाच वर्षे तरी आमचे बिऱ्हाड तिथेच असणार आहे, त्यामुळे पुण्यात का पाहत नाही, हा प्रश्न कृपया बाजूला ठेवावा.

तिची मुलाखत चांगली झाल्याचे समजल्यापासून, म्हणजे गेल्या दीड महिन्यात, मी नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन या संकेतस्थळांवरून २१० ठिकाणी अर्ज केले. चार ठिकाणांहून फोन आले. त्यांपैकी तिघांनी नाव विचारण्याच्या आधी नोटीस पीरियड (राजीनाम्यानंतर जुन्या ठिकाणी काम करावे लागणारे दिवस) विचारला आणि ६० दिवस हे उत्तर ऐकून संभाषण आटोपते घेतले. चौथ्या ठिकाणी ९० मिनिटांची ऑनलाइन चाचणी झाली. तीनपैकी दोन प्रश्न सुटले, पुढे काहीच कळवण्यात आले नाही.

माझ्यापुढे तीन अडचणी आहेत. राजीनामा देऊन आधी बंगळूर गाठावे का? सांगलीतल्या चौदा माणसांच्या कंपनीचा अनुभव तिथे कोणी मोजते का? आणि आमच्याकडे भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही, तर हा अनुभव खरा आहे हे सिद्ध कसे करायचे? रिझ्युमेमध्ये अनुभवाखाली सध्या असे लिहिले आहे: साखर कारखान्यांच्या ईआरपी (सर्व विभागांचा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या) प्रणालीतील विविध मॉड्यूल्सवर जावा व स्प्रिंग बूट वापरून काम केले, बग दुरुस्त केले, ग्राहकांना सेवा दिली.

जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

बेळगावचा_पाहुणा | १४ जून

राजीनामा देऊ नका. हातात पगार असताना माणूस मुलाखतीत शांतपणे बोलतो. खोलीचे भाडे डोक्यात असले की पहिल्याच कमी पगाराच्या ऑफरला होकार देऊन मोकळा होतो. हे मी स्वतः केले आणि पुढची दोन वर्षे त्याची किंमत मोजली. पहिल्या फेऱ्या आता बहुतेक ठिकाणी व्हिडिओवरच होतात. शेवटच्या फेरीसाठी बोलावले तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहेच.

नळस्टॉप_ते_नागवारा | १५ जून

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. मी पुण्यातील नोकरी सोडून आलो आणि सातव्या आठवड्यात रुजू झालो, कारण उद्यापासून येऊ शकतो असे सांगणारा उमेदवार भरती करणाऱ्यांना हवा असतो. मात्र ते २०२१ साल होते. त्या वर्षी कंपन्या माणसे शोधत फिरत होत्या, तर २०२३च्या नोकरकपातीनंतर एकेका जागेसाठी अनुभवी माणसांचीही रांग लागू लागली. माझ्याकडे आठ महिन्यांचा खर्च बाजूला काढलेला होता आणि घरची जबाबदारी नव्हती. या दोन गोष्टी नसतील तर माझे उदाहरण घेऊ नका. मधला मार्ग असा, की नोटीस ३० दिवसांवर आणता येईल का, याची आपल्या मालकांशी आताच चर्चा करावी. लहान कंपनीत हे बोलणे समोरासमोर होऊ शकते, मोठ्या कंपनीत ९० दिवसांचा नियम कोणी हलवत नाही.

सुमेधा_मल्लेश्वरम | १५ जून

कृष्णाकाठ, मी चौदा वर्षे या शहरात आहे आणि गेली सहा वर्षे मुलाखती घेते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बंगळूरमध्ये स्पर्धा आहे ती नेमकी कशी, हे आधी समजून घ्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये इथे केंद्र उघडले. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, इन्फोसिस पुण्याहून इथे आली. आज परदेशी कंपन्यांची जागतिक क्षमता केंद्रे, म्हणजे त्यांचे स्वतःचे काम इथून करणारी कार्यालये, देशात सर्वाधिक याच शहरात आहेत. त्यामुळे जागा भरपूर आहेत, पण प्रत्येक जागेवर देशभरातून अर्ज येतात आणि त्यांतील बहुतेक रिझ्युमे शब्दशः सारखे असतात. माझ्या एका जागेसाठी पहिल्या तीन दिवसांत इतके अर्ज येतात, की एका रिझ्युमेला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ देणे मला शक्य होत नाही, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते. त्या अर्ध्या मिनिटात 'विविध मॉड्यूल्सवर काम केले' हे वाक्य मी दिवसातून चाळीस वेळा वाचते. ते खोटे नसते, पण त्यातून लिहिणारा माणूस मला दिसत नाही.

तुमचे २१० अर्ज वाया गेले ते सांगलीमुळे नव्हे. तुम्ही काय केले आहे हे त्यांतल्या एकाही अर्जात नव्हते, म्हणून ते वाया गेले. तेव्हा मला एवढेच सांगा: वजनकाट्याच्या प्रणालीत तुम्ही स्वतः सोडवलेला, सुटेपर्यंत झोप लागू न देणारा असा एक प्रश्न कोणता? संक्षेपाची काळजी करू नका.

कृष्णाकाठ | १६ जून

सुमेधाताई, आपण विचारलेत म्हणून लिहितो. आजवर कोणत्याही मुलाखतीत हे सांगण्याची वेळ आली नव्हती.

गळीत हंगामात काटा चोवीस तास चालतो. भरलेला ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर येतो, भरलेले वजन नोंदवले जाते, गव्हाणीत ऊस रिकामा होतो, मग रिकामे वजन होते आणि दोन्हींच्या फरकाची पावती शेतकऱ्याच्या नावावर चढते. कारखान्याच्या आवारात नेट मध्येच तुटत असे. ऑपरेटर 'जतन करा' दाबायचा, पडदा तसाच थांबून राहायचा, मागे वाहनांची रांग लागलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असायचे, म्हणून तो पुन्हा दाबायचा. प्रत्यक्षात पहिली नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचलेली असे, फक्त तिचे उत्तर परत आलेले नसे. एकाच खेपेच्या दोन पावत्या व्हायच्या. अठरा टनांचे छत्तीस टन झाले, की पंधरवड्याच्या शेवटी हिशेब विभाग ते शोधून वजावट करायचा, आणि ज्याच्या बिलातून रक्कम कमी झाली तो शेतकरी साहजिकच आमच्यावर संशय घ्यायचा. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम असल्याने ही पडताळणी निवांत करण्याचीही सोय नव्हती.

मी फाटकावरच प्रत्येक वाहनाला खेप क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली आणि डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर एकमेवतेचे बंधन घातले, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदवला जाणार नाही. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर नवी पावती न बनवता आधीचीच पावती परत पाठवायची, अशी रचना केली. काट्यावरच्या संगणकात एसक्यूलाइट या लहान डेटाबेसमध्ये नोंदींची छोटी रांग ठेवली. नेट नसेल तेव्हा नोंद तिथे साठते आणि नेट आले की पुढे जाते. पहिल्या आठवड्यात यातूनही घोटाळा झाला. नेट परत आल्यावर साठलेल्या नोंदी एकदम सुटायच्या आणि काही खेपांचे रिकामे वजन भरलेल्या वजनाच्या आधी पोहोचायचे. तेव्हा मी तीन रात्री काट्याच्या केबिनमध्ये बसून पाहिले आणि भरलेले वजन येईपर्यंत रिकाम्या वजनाची नोंद थांबवून ठेवण्याची सोय केली. त्यानंतरच्या दोन्ही हंगामांत एकही दुबार पावती झाली नाही. हिशेब विभागाचे दर पंधरवड्याचे दोन दिवस वाचतात.

सुमेधा_मल्लेश्वरम | १६ जून

हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. पैसे पाठवताना नेट तुटले आणि वापरणाऱ्याने बटण दोनदा दाबले, तर खात्यातून रक्कम दोनदा जाऊ नये, हाच प्रश्न बंगळूरमधील प्रत्येक पेमेंट कंपनी रोज सोडवते आहे. त्याला आम्ही आयडेम्पोटन्सी म्हणतो. उशिरा आणि उलट क्रमाने येणाऱ्या नोंदी हा तर माल पोहोचवणाऱ्या, गोदामे सांभाळणाऱ्या कंपन्यांचा नेहमीचा त्रास आहे. आमच्याकडील पुष्कळ उमेदवारांनी हे शब्द पाठ केलेले असतात, तुम्ही मात्र ते काम काट्याच्या केबिनमध्ये बसून केले आहे.

आता कामाला लागा. रिझ्युमेतील ते वाक्य काढून टाका. त्याजागी दुबार पावत्यांचा प्रश्न, खेप क्रमांक, स्थानिक रांग, क्रमाचा घोटाळा आणि दोन हंगामांचा परिणाम हे चार ओळींत मांडा. तंत्रज्ञानांची नावे त्या ओळींच्या आतच येऊ द्या, खाली निराळी जंत्री नको. मग २१० कंपन्या विसरा आणि ज्यांच्याकडे हाच प्रश्न आहे अशा तीसच निवडा: पेमेंट, मालवाहतूक, गोदाम, शेतमाल. त्यांची अभियांत्रिकी विभागाची लिखाणे वाचा. अर्जासोबत तीन वाक्यांचे पत्र जोडा, ज्यात त्यांचा प्रश्न आणि तुमचा काटा यांचा संबंध स्पष्ट असेल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कारखान्याचा कोड किंवा शेतकऱ्यांची माहिती गिटहबवर (कोड सर्वांना पाहता येईल असा ठेवण्याचे संकेतस्थळ) अजिबात टाकू नका, कारण ती तुमची नाही. हीच कल्पना कल्पित नोंदी घेऊन नव्याने, छोट्या स्वरूपात लिहा आणि ती टाका. नेट मुद्दाम तोडून दाखवणारी चाचणी त्यात असेल तर माझ्यासारखी व्यक्ती ती नक्की उघडून पाहील.

चाकोरी | १७ जून

सुमेधाताईंचे म्हणणे पटते, पण चाचणी पार केल्याशिवाय काट्याची गोष्ट ऐकायला समोर कोणी नसते, हेही सांगायला हवे. मागील वर्षी मी अकरा ठिकाणी मुलाखती दिल्या आणि सात ठिकाणी कोडिंगच्या पहिल्याच फेरीत बाद झालो. कामाचा अनुभव चांगला असल्याने सराव न करताही निभेल, असे मी गृहीत धरले होते. अ‍ॅरे, हॅश मॅप, टू पॉइंटर्स, बायनरी सर्च, ट्री आणि ग्राफ एवढ्या नेहमी विचारल्या जाणाऱ्या विषयांचा रोज दीड तास, दोन महिने, घड्याळ लावून सराव केला, तेव्हा कुठे पुढच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचलो. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या अवघड प्रश्नांत फार गुंतू नका. तुमच्या अनुभवाला ते क्वचित विचारले जातात.

बंगळूरमधील बऱ्याच कंपन्यांत मशीन कोडिंग नावाची निराळी फेरी असते. दीड-दोन तासांत वाहनतळाची किंवा मित्रांमधील खर्चवाटपाची छोटी पण चालणारी प्रणाली लिहून दाखवायची. तिथे क्लास कसे पाडले, नावे कशी दिली, नंतर अट बदलल्यावर किती ठिकाणी हात लावावा लागला, हे पाहतात. रोजच्या कामात जावा वापरणाऱ्याला ही फेरी मानवते, फक्त घड्याळाची सवय करून घ्यावी लागते. आणि विचार मोठ्याने बोलून दाखवा. मी गप्प बसून बरोबर उत्तर लिहीत असे. एका मुलाखतकाराने नंतर प्रांजळपणे सांगितले, की तुम्ही अडला आहात की विचार करता आहात, हेच मला कळत नव्हते.

अनघा_के | १७ जून

ओळखीतून शिफारस मिळवण्याविषयी कोणी लिहिले नाही. अनोळखी माणसाला 'कृपया रेफर करा' एवढेच लिहू नका. त्या जागेचा क्रमांक, आपले काम दोन वाक्यांत आणि रिझ्युमे, हे सारे एकाच निरोपात द्या, म्हणजे समोरच्याला शोधाशोध करावी लागत नाही. शिफारशीने नोकरी मिळत नाही, रिझ्युमे माणसाच्या नजरेखालून जातो एवढेच. पण पहिला अडथळा तोच असतो. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी किंवा ज्या महाविद्यालयातून तुमचे शिक्षण झाले तेथील पुढच्या-मागच्या तुकड्यांतील लोक बंगळूरमध्ये असणारच. तुमचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा शब्द सर्वांत जड, तेव्हा सांगलीची कंपनी सोडून गेलेल्या सहकाऱ्यांपासून सुरुवात करा.

हिशेबनीस | १८ जून

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो, त्यामुळे चौदा जणांच्या कंपनीत तो नसणे यात गैर काही नाही. पडताळणी करणारी संस्था प्रथम यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा खातेदार क्रमांक) पाहते हे खरे, पण ते नसल्यास नेमणूकपत्र, पगारपत्रके, पगार जमा झालेले बँकेचे उतारे आणि कर कापला असल्यास फॉर्म १६ यांवर काम भागते. पगार रोखीने घेत असाल तर आजपासून खात्यात मागून घ्या. मनुष्यबळ विभागाला ही बाब ऑफर मिळण्याआधी स्वतःहून सांगा. नंतर उघड झालेली खरी गोष्टसुद्धा लपवल्यासारखी दिसते.

पगाराबद्दलही लिहितो, कारण गावाकडून येणारे इथे फसतात. सीटीसीच्या, म्हणजे कंपनी तुमच्यावर करणार असलेल्या एकूण वार्षिक खर्चाच्या, आकड्यात कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतील वाटा आणि मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असते. ग्रॅच्युइटी नियमित कर्मचाऱ्याला सामान्यतः पाच वर्षांनंतरच मिळते. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग आणि एका वर्षाच्या आत सोडल्यास परत करावा लागणारा जॉइनिंग बोनस वेगळा काढा. उरते त्याला बारांनी भागा आणि मगच सांगलीच्या पगाराशी तुलना करा.

वारणेचा_वाघ | २० जून

एक कळकळीची सूचना. मागच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाकडून एका कन्सल्टन्सीने बॅकडोअर (मुलाखतीशिवाय मागच्या दाराने) भरतीच्या नावाखाली ४० हजार रुपये घेतले. ऑफर लेटर आले, त्यावर मोठ्या कंपनीचे बोधचिन्ह होते, आणि रुजू होण्याच्या दिवशी तो बाह्य वर्तुळ रस्त्यावरील इमारतीच्या दारात उभा राहिला तेव्हा सुरक्षारक्षकाने ते पत्र पाहूनच मान हलवली. तिथून त्याने मला फोन केला, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. खरी कंपनी नोकरीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा लॅपटॉपच्या अनामतीसाठी उमेदवाराकडून एक रुपयाही मागत नाही. पत्र आले तर पाठवणाऱ्याच्या ईमेलचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळाशी ताडून पाहा. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता त्याच तासाला १९३० या क्रमांकावर तक्रार करा. भावाने तीन दिवस कोणाला सांगितले नाही आणि तोवर खात्यातील रक्कम पुढे गेली होती.

नळस्टॉप_ते_नागवारा | २१ जून

राहण्याचे पाहाल तेव्हा अर्जांची यादीही नकाशावर मांडून बघा. विज्ञान संस्थेपासून यशवंतपूर जवळ आहे आणि तिथून मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेने मॅजेस्टिकला बदलून जांभळ्या मार्गिकेने व्हाइटफिल्ड गाठता येते. आर. व्ही. रोडला बदलले तर ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या पिवळ्या मार्गिकेने इलेक्ट्रॉनिक सिटीला जाता येते. नागवाऱ्याचे मान्यता टेक पार्क अंतराने जवळ असले तरी सकाळी रस्त्याने तिथे पोहोचायला लागणारा वेळ एकदा स्वतः अनुभवा. दोघांपैकी एकाला रोज तीन तास प्रवास पडला तर पगारवाढ अंगी लागत नाही. नोकरी निश्चित होईपर्यंत अकरा महिन्यांचा करार करू नका. अनामत म्हणून पाच-सहा महिन्यांचे भाडे मागतात आणि ते अडकून पडते.

कृष्णाकाठ | ३ ऑगस्ट

मंडळी, धागा वर आणतो आहे, कारण ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना पुढे काय झाले हे कळवणे माझे कर्तव्य आहे.

राजीनामा दिला नाही. मालकांशी बोललो. त्यांनी नोटीस कमी केली नाही, पण मुलाखतींच्या दिवशी सुट्टी देण्याचे कबूल केले आणि साडेचार वर्षांच्या कामाचे सविस्तर पत्र स्वतःच्या सहीने दिले. त्या पत्रात दुबार पावत्यांचा उल्लेख होता. मी न सांगता त्यांनी तो केला, याचे मला फार अप्रूप वाटले.

सुमेधाताईंनी सांगितल्याप्रमाणे रिझ्युमे नव्याने लिहिला आणि चोवीस कंपन्या निवडल्या. त्यांपैकी सात ठिकाणांहून फोन आले. नोटीस ६० दिवसांची हे ऐकून दोघांनीच फोन ठेवला. दोन ठिकाणी कोडिंगच्या फेरीत पडलो. चाकोरी यांचे म्हणणे मनावर घेऊन सराव सुरू केला होता, पण ग्राफचे प्रश्न अजून अंगवळणी पडलेले नव्हते. एका ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत गेलो आणि नकार आला. तो दिवस जड गेला, कारण त्याच आठवड्यात पत्नीचे सामान बांधणे चालू होते. उरलेल्या दोनपैकी एक मालवाहतुकीची प्रणाली करणारी कंपनी होती. तिथल्या सिस्टिम डिझाइनच्या (प्रणालीची रचना मांडून दाखवण्याच्या) फेरीत विचारले, की ड्रायव्हरचा फोन नेटच्या बाहेर असताना त्याने माल पोहोचवल्याची नोंद केली आणि नंतर दोनदा पाठवली गेली, तर काय कराल? मी फळ्यावर काट्याची केबिन काढली. पाऊण तासाची फेरी सव्वा तास चालली आणि शेवटी त्यांच्यातील एकाने, उलट क्रमाने आलेल्या नोंदी किती वेळ थांबवून ठेवत होतात, हे स्वतःच्या कामासाठी वहीत लिहून घेतले.

ऑफर ३० जुलैला आली. हिशेबनीस यांच्या पद्धतीने आकडा सोलून पाहिला, जॉइनिंग बोनसची अट वाचून घेतली आणि होकार दिला. भविष्य निर्वाह निधीचे आधीच सांगितले होते. त्यांनी बँकेचे उतारे आणि फॉर्म १६ मागितले, तेवढ्यावर भागले. १ ऑक्टोबरला रुजू व्हायचे आहे. कार्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे, म्हणजे हिरवी आणि पिवळी मार्गिका.

वारणेचा वाघ, आपल्या भावाने पुन्हा अर्ज सुरू केले असतील तर त्यांचा रिझ्युमे मला पाठवावा. माझ्या नव्या कंपनीत कनिष्ठ डेव्हलपरच्या जागा निघतील तेव्हा मी तो स्वतः पुढे देईन.

आता एकच विनंती. पत्नी सुरुवातीला वसतिगृहात राहील, पण ऑक्टोबरपासून आम्हाला दोघांसाठी एक खोली-स्वयंपाकघर असे घर हवे आहे. मत्तीकेरे किंवा यशवंतपूर परिसरात कोणाच्या माहितीत असल्यास कळवावे.

वारणेचा_वाघ | ३ ऑगस्ट

मनापासून अभिनंदन. भाऊ सध्या इस्लामपुरात घरीच आहे, आज रात्री त्याच्याकडून रिझ्युमे लिहून घेतो.

अनघा_के | ४ ऑगस्ट

मत्तीकेरेत आमच्या इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरचे कुटुंब सप्टेंबरअखेर म्हैसूरला जाते आहे. घरमालक कन्नड आणि थोडे हिंदी बोलतात. त्यांच्याशी बोलून ठेवते, अनामत तीन महिन्यांवर आणता आली तर पाहते. तुमचा क्रमांक खासगी निरोपात पाठवा.